कोठडीतला पेशंट

“मॅडम, फक्त सही द्या. तपासण्यात वेळ घालवू नका, आम्हाला लांब जायचंय,” इन्स्पेक्टर म्हणाले आणि टाइप केलेला एक कागद माझ्यासमोर सरकवला. त्यावर ‘फिट फॉर कस्टडी’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे सदर इसम पोलीस कोठडीत राहण्याइतका ठणठणीत आहे, असं डॉक्टरचं सर्टिफिकेट. तारीख, वेळ, नाव सगळं भरलेलं. माझ्या सहीची जागा तेवढी मोकळी.

सदर इसम दाराशी उभा होता. उभा म्हणजे दोन शिपायांनी बगलेत हात घालून त्याला उभा धरला होता. अंगात शर्ट आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. हातात बेडी. पायात चप्पल नव्हती आणि तो टाचा टेकवत नव्हता.

“बसवा त्याला,” मी म्हणाले.

बसायलाही त्याला त्रास झाला. एका कुशीवर कलंडून बसला.

ही नव्वदच्या दशकातली, टाडा कायदा लागू होता तेव्हाची गोष्ट. भोकरदन तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी मेडिकल ऑफिसर होते. आमच्याकडे बाळंतपणं, सर्पदंश, फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं, बैलाने मारलेली माणसं. पोलीसही यायचे. जत्रेत मारामारी झाली, दारूच्या धंद्यावर धाड पडली की आरोपीला दाखवायला आणायचे. ठाण्याची माणसं ओळखीची होती. हे पथक मात्र बाहेरच्या जिल्ह्यातलं होतं. जीपचा नंबरही इकडचा नव्हता.

इन्स्पेक्टरांनी थोडक्यात सांगितलं. त्यांच्या शहरातल्या बाजारात स्फोट झाला होता. त्यात वापरलेल्या जिलेटिनच्या कांड्या आमच्या भागातून गेल्या होत्या. हा माणूस, नाव उत्तम, हसनाबादच्या पुढच्या एका वस्तीवर राहायचा. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर घेऊन गावोगाव विहिरींना सुरुंग लावायचं काम करायचा. आमच्या भागात विहीर खोदायची तर काळा दगड लागतोच, आणि तो फोडायला जिलेटिन लागतं. त्यातल्याच कांड्या याने बाहेर विकल्या, असा पोलिसांचा आरोप होता. जागा दाखवायला ते त्याला घेऊन आले होते. वाटेत त्याला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याला न्यायाधीशांसमोर उभं करायचं होतं, म्हणून जवळच्या सरकारी डॉक्टरचा कागद हवा होता.

टाडा म्हणजे काय ते वाचणाऱ्यांसाठी सांगते. दहशतवादाविरुद्धचा तो खास कायदा. साध्या गुन्ह्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. टाडात चालायचा. फक्त तो वरच्या हुद्द्याच्या पोलीस अधिकाऱ्याने घेतलेला हवा. साध्या गुन्ह्यात पोलीस कोठडी पंधरा दिवसांच्या वर मिळत नाही. टाडात दोन महिन्यांपर्यंत मिळायची. जामीन जवळजवळ नाहीच. त्या दिवशी यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. पुढे कोर्टाच्या खेपा घालताना कळत गेलं.

मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की पेशंट न तपासता सही करायची नसते.

“तपासल्याशिवाय मी लिहीत नाही,” मी म्हणाले. “आणि तपासताना पोलीस आत नकोत.”

“टाडाचा आरोपी आहे, मॅडम. पळाला तर?”

“हा पळणार?”

शेवटी असं ठरलं की एक शिपाई दाराच्या चौकटीत उभा राहील. त्याला आतलं दिसेल, ऐकू जाणार नाही. बेडी काढायला ते तयार नव्हते. बेडी उघडल्याशिवाय शर्ट निघत नाही हे मी दाखवून दिलं तेव्हा एका हाताची काढली.

आमच्या गायकवाड सिस्टर पडदा ओढायला आल्या. त्या दवाखान्यात माझ्यापेक्षा जुन्या. त्यांनी पेपरमध्ये त्या स्फोटाचं वाचलं होतं. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “मॅडम, आपण कशाला यात पडून राह्यलो? सही देऊन टाका न. लोकं मेले त्याच्यात.”

“पल्स बघा आधी,” मी म्हणाले.

त्यांनी मनगट धरलं. घड्याळाकडे पाहिलं. मग त्या बीपीचं मशीन घेऊन आल्या. बीपी खाली गेलेलं होतं.

“काय झालं तुम्हाला?” मी उत्तमला विचारलं.

“विहिरीत पडल्तो.”

“कधी?”

त्याने दाराकडे पाहिलं. “परवा. जागा दाखवायला नेल्तं तव्हा.”

मी त्याला पालथं झोपायला सांगितलं आणि पायजमा खाली सरकवला. मांड्यांच्या मागच्या बाजूला आणि ढुंगणावर जांभळे वळ होते. एकेका वळाच्या जागी दोन-दोन रेषा, रेल्वेच्या रुळांसारख्या शेजारी-शेजारी, आणि मधली पट्टी फिकी. काठी किंवा पट्टा जोरात बसला की त्याच्या खालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं, म्हणून असं दिसतं. दगडावर पडून खरचटतं, फाटतं, हाड मोडतं, पण रूळ उमटत नाहीत. मग मी तळपाय पाहिले. दोन्ही सारखेच सुजलेले, टणक झालेले, कातडी कुठेच फुटलेली नाही. बोट लावल्याबरोबर तो कळवळला.

तळपायांवर काठीने मारलं की असं होतं, याचं चित्र मी कॉलेजात फोरेन्सिकच्या पुस्तकात पाहिलं होतं. परीक्षेला येत नाही म्हणून ते पान आम्ही सोडून द्यायचो.

“लघवी कधी झाली?”

“काल सकाळी थोडीशी. मंग झालीच न्हाई.”

“रंग कसा होता?”

“चहावानी. काळ्या चहावानी.”

त्या वाक्यानंतर वळ बाजूला राहिले. नळी घालून जेवढी लघवी निघाली तेवढी काढली. तळाशी थोडीशी आली. खरंच कोऱ्या चहासारखी.

आमचा लॅब टेक्निशियन घरी जायच्या तयारीत होता. त्याला थांबवलं. त्याने टेस्ट केली आणि म्हणाला, “रक्त आहे, मॅडम. भरपूर.” मी म्हटलं, मायक्रोस्कोपखाली बघ. त्याने पाहिलं, काच बदलून पुन्हा पाहिलं. रक्ताची एकही पेशी दिसेना.

याचा अर्थ सोपा आहे. तो रंग रक्ताचा नव्हताच, मांसाचा होता. खूप मार लागला की स्नायू आतल्या आत फुटतात. त्यांच्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीत जाऊन बसतं. चाळणीत चिखल बसावा तसं. किडनी बंद पडते. शरीरातलं पोटॅशियम वाढतं, आणि ते एका मर्यादेपलीकडे गेलं की हृदय थांबतं. त्याला फार वेळ लागत नाही. बाहेरून माणूस थोडा मळमळलेला, थकलेला दिसतो, बस.

मी बाहेर आले. इन्स्पेक्टर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते.

“फिट नाहीये,” मी म्हणाले. “अ‍ॅडमिट करतेय.”

“कावीळ असेल. तिकडे गेल्यावर दाखवू.”

“कावीळ नाही. किडन्या बंद पडताहेत. मार लागल्यामुळे.”

‘मार’ हा शब्द ऐकल्यावर ते उठले. आवाज न चढवता बोलले, हे मला आजही आठवतं.

“मॅडम, स्फोट झाला तेव्हा मी पहिल्या गाडीत होतो. एक बाई भाजी घ्यायला आली होती. तिचा हात मी पिशवीसकट उचलून ठेवलाय. पुढचा स्फोट कुठं होणार हे या माणसाला माहीत असेल, आणि तुम्ही याला इथं सलाईन लावून झोपवलंत, तर त्याची जबाबदारी कुणाची?”

तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्या बाईचा हात त्याने खरंच उचलला असणार. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, दाढी वाढली होती. पण आत पालथा पडलेला माणूसही खरा होता, आणि त्या क्षणी मला करता येण्यासारखं काही होतं ते त्याच्याच बाबतीत.

“आत्ता सलाईन नाही लावलं तर परवापर्यंत हा तुम्हाला काहीच सांगायला राहणार नाही,” मी म्हणाले. “तुमच्या कोठडीत मेला तर तुम्हीही अडचणीत याल.”

“मग औरंगाबादला रेफर करा. आम्ही आमच्या जीपमध्ये नेतो.”

“बीपी इतकं खाली असताना जीपमध्ये नाही. आमची अ‍ॅम्ब्युलन्स केदारखेड्याची बाळंतीण घेऊन जालन्याला गेलीय. ती येईल, याचं बीपी वर येईल, मग अ‍ॅम्ब्युलन्समधून नेऊ. सोबत सिस्टर जाईल.”

“मला तुमच्या वरच्यांशी बोलावं लागेल.”

“मीच बोलते.”

जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन, सी.एस. साहेब, आमचे वरिष्ठ. ट्रंक कॉल लागायला वेळ गेला. तोवर सिस्टरनी मला न विचारता दोन्ही हातांना सलाईन सुरू केलं होतं. मी फोनवर सगळं सांगितलं.

“टाडाचा आहे म्हणता?”

“हो, सर.”

“रेफर करून टाका. कारण किडनी फेल्युअर. एवढंच लिहा. जखमांचं कशाला?”

“सर, कारण नाही लिहिलं तर तिकडचे डॉक्टर किडनी का गेली ते शोधत बसतील. आणि मार आहे म्हणजे एमएलसी आहे. ती तर करावीच लागेल.”

एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. ज्या जखमेमागे गुन्हा असू शकतो तिची नोंद करून पोलिसांना कळवायचं, हा नियम. बैलाने मारलं तरी आम्ही एमएलसी करायचो.

सी.एस. साहेब म्हणाले, “जे दिसलं ते लिहा. जे दिसलं नाही ते लिहू नका. आणि माझ्याशी बोलणं झालं म्हणून कुणाला सांगू नका.”

फोन ठेवला. तेव्हा मला राग आला होता. पुढे वाटलं, त्या खुर्चीत बसून यापेक्षा जास्त फार थोडे लोक बोलले असते.

मी एमएलसी लिहायला बसले. प्रत्येक वळाची लांबी, रंग, जागा. माणसाचं चित्र काढून त्यावर खुणा. ‘पेशंटच्या सांगण्यानुसार विहिरीत पडला’ हेही लिहिलं, कारण तो तसंच म्हणाला होता. खाली माझं मत लिहिलं: या जखमा पडल्यामुळे झालेल्या दिसत नाहीत. आता ती पाठवायची कुठे? नियमाप्रमाणे ठाण्यात. पोलिसांनी मारल्याची खबर पोलिसांना. आमच्या ठाण्याच्या जमादारांनी ती दोनदा वाचली, टोपी काढून डोकं खाजवलं आणि पोच दिली. “मॅडम, हे आमच्यावर येणार न्हाई ना? आम्ही तर त्याला हात बी लावला न्हाई,” म्हणाले. खरंच होतं ते.

वॉर्डात परत गेले तर वेगळंच चाललं होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा सिस्टरशी भांडत होता. “बॉम्बवाला हाय तो. आमच्या बाजूला कशाला ठेवता?” गायकवाड सिस्टरनी त्याला सरळ सांगितलं, “मंग तुमच्या बापाला व्हरांड्यात टाकू का? खाट न्हाई दुसरी.” तो बापाच्या खाटेपाशी जाऊन बसला. सिस्टरनी लघवीच्या पिशवीकडे बोट दाखवलं. थोडी आली होती.

उत्तम जागा होता. मी स्टूल ओढून बसले. शिपाई दारात होता.

“हे बघा,” मी हळू म्हणाले, “उद्या तुम्हाला न्यायाधीशांसमोर जायचं होतं. तुम्ही इथे आहात म्हणून मी इथल्या जज साहेबांना कळवलंय. ते स्वतः येतील. अटकेतल्या माणसाला मारहाण झाली असेल तर ‘माझी तपासणी करा’ असं न्यायाधीशांना सांगायचा त्याला हक्क आहे. कायद्यात आहे ते. टाडा असला तरी आहे.”

हे कलम मला पाठ नव्हतं. सी.एस. साहेबांच्या फोननंतर मी कपाटातलं फोरेन्सिकचं जुनं पुस्तक काढून पाहिलं होतं.

तो म्हणाला, “मॅडम, म्या सांगितलं, जजनी लिहून घेतलं. मंग तुम्ही घरी जाल, जज घरी जातील. मला त्यायच्याच जीपमंदी बसायचंय न?”

“कदाचित हो. मी खोटं सांगणार नाही. जज साहेब काय ऑर्डर करतील ते माझ्या हातात नाही.”

“मंग?”

“मंग काही नाही. मी जे पाहिलं ते लिहिलंय. तुम्ही बोललात तरी आणि नाही बोललात तरी ते तसंच राहील. बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.”

त्याने मान हलवली. मग एकदम विचारलं, “माझ्या घरी माहीत हाय का कोणाला, मी कुठं हाय ते?”

मी इन्स्पेक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, “कळवलंय.” कुणाला, कधी, ते सांगेनात. आमच्याकडे कुठलाही सिरियस पेशंट आला की जवळच्या नातेवाइकाला बोलावतात. रक्त लागलं, डायलिसिसची संमती लागली, तर कुणीतरी हवं. टाडाचा पेशंट असला तरी किडनी तीच. उत्तमकडून त्याच्या बायकोचं नाव घेतलं आणि हसनाबादकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला: अमक्या वस्तीवरच्या सुमनबाईंना सांगा, मालक दवाखान्यात आहेत, सकाळी या.

सुमन सकाळी पहिल्या गाडीने आली. सोबत सासरा. दारातल्या शिपायाने अडवलं. मी म्हटलं, पेशंटची नातेवाईक आहे, मी बोलावलंय. ती नवऱ्यापाशी गेली नाही, आधी माझ्याकडे आली.

“कोणत्या ठाण्यात गेलो न्हाई ते सांगा, मॅडम. भोकरदनला गेल्ते, जालन्याला गेल्ते. समदे म्हंतात आमच्याकडं न्हाई. मला वाटलं मेला. माझ्या भावाला बी उचलून नेलं. त्यानं तर कधी सुरुंग बघितला बी न्हाई, शिलाईचं दुकान हाय त्याचं.”

तिच्या भावाचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याचा यात काय संबंध, ते तिला समजत नव्हतं, मलाही नाही.

जज साहेब अकराच्या सुमारास आले. तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. सोबत त्यांचा क्लार्क. पथकाच्या इन्स्पेक्टरांनी त्यांना कागद दाखवायला सुरुवात केली. ते म्हणाले, “कागद वाचतो. आधी तुम्ही सगळे वॉर्डाच्या बाहेर जा. दाराच्या बाहेर नाही, व्हरांड्याच्या टोकाला जा.”

“सर, सिक्युरिटी...”

“खिडकीला गज आहेत. जा.”

मला त्यांनी थांबायला सांगितलं. ते खाटेच्या शेजारी उभे राहिले. सुमन पायाशी उभी होती. तिच्या सासऱ्याला काहीच समजत नव्हतं, तो हात जोडून उभा होता.

“मी न्यायाधीश आहे,” ते म्हणाले. “पोलिसांचा माणूस नाही. तुमची काही तक्रार आहे का? असेल तर सांगा. नसेल तर नाही म्हणा, तेही लिहून घेईन.”

उत्तमने बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी जाणूनबुजून सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. मान हलवून त्याला ढकलल्यासारखं व्हायला नको होतं.

“साहेब,” तो म्हणाला, “म्या कांड्या इकल्या. ते खरं हाय. एक माणूस आल्ता, म्हणला माझी विहीर हाय, परवाना न्हाई मिळून राह्यला, जल्दी हाय. म्या दिल्या. नाव म्या इचारलं न्हाई. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यायला नाव पायजे होतं. नाव मला माहीतच न्हाई, तर कुठून देऊ? मंग मारलं. पायावर मारलं. मंग जे नाव तोंडात आलं ते देलं. कागदावर काय लिव्हलं ते वाचून बी दाखवलं न्हाई. सही करून घेतली.”

“कुणाची नावं दिलीत?”

त्याने पुन्हा बायकोकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

“माझ्याच लोकायची. दुसरे माहीत कोण हायेत मला?”

सुमनने खाटेचा गज घट्ट धरला. भाऊ का गेला, हे तिला तिथे समजलं.

जज साहेबांनी सगळं लिहून घेतलं. कांड्या विकल्याचंही आणि मारल्याचंही. एक लिहिलं आणि दुसरं गाळलं असं केलं नाही. उत्तमला वाचून दाखवलं, मग सही घेतली. मला विचारून त्यांनी जखमा स्वतः पाहिल्या. पुन्हा पोलीस कोठडी न देता त्याला न्यायालयीन कोठडीत ठेवायचा हुकूम केला. म्हणजे ताबा तुरुंगाचा, तपास करणाऱ्या पथकाचा नाही. उपचार संपेपर्यंत दवाखान्यातून हलवायचं तर डॉक्टरच्या लेखी सांगण्याशिवाय नाही, असंही लिहिलं. इन्स्पेक्टरांनी हुकूम वाचला, घडी करून खिशात ठेवला.

दुपारी अ‍ॅम्ब्युलन्समधून उत्तम औरंगाबादला गेला. गायकवाड सिस्टर सोबत गेल्या. तिथे त्याचं डायलिसिस झालं. काही दिवसांनी लघवी सुरू झाली आणि किडन्या वाचल्या.

माझी बदली झाली. शिक्षा म्हणून झाली की नेहमीसारखी, ते मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. दोन-तीन वर्षं गेली, मग टाडाच्या खास कोर्टाचं समन्स आलं. साक्षीदार म्हणून.

सरकारी वकील अनुभवी होते. “डॉक्टर, आरोपीला कुणी मारताना तुम्ही पाहिलं?”

“नाही.”

“तो विहिरीत पडला असं त्यानेच तुम्हाला सांगितलं. तुम्हीच लिहिलंय.”

“हो.”

“मग तुम्ही पेशंटवर विश्वास ठेवला नाही?”

“त्याच्या पायांवर ठेवला.”

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, हसणं थांबलं. त्यांनी स्वतः मला रुळांसारख्या रेषांबद्दल विचारलं. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. ते त्यांनी रेकॉर्डवर घेतलं.

निकाल मी वकिलांकडून ऐकला. कबुलीजबाब स्वखुशीचा नव्हता म्हणून कोर्टाने तो बाजूला ठेवला. स्फोटाच्या कटातून उत्तम सुटला. परवान्याशिवाय स्फोटकं विकल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. ती योग्यच होती. तेवढी शिक्षा त्याने खटला चालू असतानाच भोगून संपवली होती. सुमनच्या भावावरचा खटला उभाच राहिला नाही, पण तोवर तो बरेच महिने आत काढून आला होता. शिलाईचं दुकान बंद पडलं होतं. तो बहिणीच्या घराची पायरी चढत नाही, असं सुमन पुढे एकदा जालन्यात भेटली तेव्हा तिने सांगितलं. “त्याचं बी बराबर हाय,” म्हणाली. “आन् ह्यायचं बी. कोणाला बोलू?”

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात ते इन्स्पेक्टर भेटले होते. त्यांची साक्ष माझ्या आधी झाली होती. बढती मिळाली होती, केस पांढरे झाले होते. मला वाटलं तोंड फिरवतील. ते चहाच्या टपरीवर माझ्यासाठी थांबले.

“ती नावं शोधण्यात आमचा महिना गेला,” ते म्हणाले. “सगळी याच्या सोयऱ्यांची. एक शिंपी, एक रोजगार हमीवरचा मुकादम, एक तर शाळेतला शिपाई. ज्याने कांड्या घेतल्या तो त्या महिन्यात निघून गेला. अजून सापडला नाही.”

“पहिल्या दिवशी नाव माहीत नाही म्हणाला होता ना?”

“म्हणाला होता.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “पण सगळेच तसं म्हणतात, मॅडम.”

तेही बरोबर होतं. सगळेच तसं म्हणतात, आणि त्यातल्या काहींना खरंच माहीत नसतं. कोणाला आणि कोणाला नाही, ते काठीने ओळखता येत नाही. एवढं मात्र त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलेलं होतं.

रिटायर झाल्यावर मी जुन्या जालन्यात राहते. कधीमधी नव्या मेडिकल ऑफिसरांच्या ट्रेनिंगला बोलावतात. कोठडीतल्या पेशंटचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, “मॅडम, पण तो खरंच अतिरेकी असला तर?” मी सांगते, केसपेपरवर नाव, वय, गाव, तक्रार आणि तपासणी एवढे रकाने असतात. दोषी की निर्दोष, हा रकाना नसतो. तो भरायला कोर्टात वेगळी माणसं बसलेली आहेत. आपण पायजमा वर करून पाय बघायचे आणि जे दिसेल ते लिहायचं. त्यांना त्यांचं काम करायचं असेल, तर त्यांना ते लागतं.